अंगात आलेला खेळ

बंगळुरूच्या दक्षिणेला बनशंकरी नावाची भलीमोठी वसाहत आहे. तिथला पत्ता विचारला, की समोरचा आधी ‘कुठलं स्टेज?’ असं उलट विचारतो. फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज, थर्ड स्टेज करत करत ही वसाहत सहाव्या स्टेजपर्यंत जाऊन पोचली आहे. व्हिडिओ गेमवर वाढलेल्या माणसाला हे ऐकून हसू येतं. त्याच्या लेखी स्टेज म्हणजे समोरच्याला लोळवून पार करायचा टप्पा, आणि शेवटच्या स्टेजला सगळ्यात दांडगा खलनायक दबा धरून बसलेला असायचाच. बनशंकरीत सहाव्या स्टेजपाशी तुरहळ्ळीचं रान लागतं.

वसाहतीचं नाव आलं ते कनकपुरा रस्त्यावरच्या बनशंकरी देवीच्या देवळावरून. जून २०१७ मध्ये मेट्रोचा हिरवा मार्ग इथपर्यंत आला आणि स्थानकालाही तेच नाव मिळालं. मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी राहुकाळात या देवळात गर्दी उसळते. एरवी शुभकार्याला टाळायची ती वेळ इथे मुद्दाम साधायची. अर्ध्या लिंबाची साल उलटी करून तिच्यात तेलवात लावायची, ही इथली रीत. देवीचं मूळ ठाणं मात्र बदामीजवळचं. दक्षिण महाराष्ट्रातल्या आणि सीमाभागातल्या कितीतरी मराठी घरांची ती कुलदेवी. शाकंभरी या नावाने पौषात तिचं नवरात्र बसतं आणि नैवेद्याच्या पानात भाज्यांची रेलचेल असते. बदामीची ही देवी सिंहावर आरूढ आहे.

सिंहावर बसणं निराळं आणि स्वतः सिंह होणं निराळं. दुसऱ्या कल्पनेवर जपानमध्ये १९९७ साली एक खेळ निघाला: ‘ब्लडी रोर’. नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरचा हा मारामारीचा खेळ अमेरिकेतल्या आर्केडमध्ये आधी ‘बीस्टोरायझर’ या नावाने उभा राहिला. पुढच्या सहा वर्षांत त्याच्या चार मुख्य आवृत्त्या आणि एक जोडआवृत्ती आली. २००३ नंतर मालिका थांबली. भारतात मात्र ती थांबल्यासारखी वाटत नाही. तिशी-चाळिशीतल्या कुणाला ‘तो लांडगा व्हायचा खेळ आठवतो का?’ असं विचारून पाहावं. नाव आठवेलच असं नाही, पण हाताचा अंगठा आपोआप हलू लागतो.

खेळ दिसायला सोपा. दोन माणसं समोरासमोर. एक बटण ठोशाचं, एक लाथेचं. इथपर्यंत सगळं त्या काळच्या शंभर खेळांसारखंच. फरक तिसऱ्या बटणात. पडद्यावर ताकदीच्या पट्टीसोबत आणखी एक पट्टी असते. मारामारी चालू असताना ती भरत जाते. भरली की तिसरं बटण दाबायचं. खेळाडूच्या अंगातून एक लाट फुटते, जवळ उभा असलेला प्रतिस्पर्धी मागे फेकला जातो, आणि माणसाच्या जागी लांडगा, वाघ, सिंह नाहीतर गोरिला उभा राहतो. प्राण्याच्या रूपात फटका जड बसतो, चाली बदलतात, आणि आधी मार खाऊन गेलेली ताकद थोडीथोडी भरूनही येते. पण या अवस्थेत खाल्लेला प्रत्येक तडाखा दुसरी पट्टी उतरवतो. ती रिकामी झाली आणि खेळाडू आडवा झाला, की पुन्हा माणूस.

म्हणजे प्राणी होणं हे इथे उसनं बळ आहे. मराठीत याला अगदी चपखल शब्द आहे: अंगात येणं. अंगात आलेलं कायम टिकत नाही, आणि उतरल्यावर माणूस गळून जातो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नवखा खेळाडू पट्टी भरल्या भरल्या बटण दाबून मोकळा होतो. मुरलेला थांबतो. आपल्या ताकदीची पट्टी अर्ध्याखाली घसरू देतो, समोरच्याला आपलं रूप आधी खर्चायला लावतो आणि मग वाघ होतो. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘बीस्ट ड्राइव्ह’ नावाची भीषण चाल आली. ती बसली तर समोरच्याचं कंबरडं मोडे. पण बसो वा हुको, चाल संपताच खेळाडू माणसात परत येई. तिसऱ्या आवृत्तीतल्या ‘हायपर बीस्ट’मध्ये काही क्षण अचाट बळ मिळायचं आणि त्या बदल्यात त्या फेरीत पुन्हा रूप बदलायची मुभा जायची. जुगाराची ही चढती भाजणीच मालिकेचा जीव होती. चित्रं देखणी होती, हाणामारी वेगवान होती, पण त्या बाबतीत ‘टेकन’सारखा दुसरा मारामारीचा खेळ कुठे कमी होता?

मंडळीही मजेशीर. पहिल्या आवृत्तीत आठ जण होते. युगो हा तरुण लांडगा होतो. तोच मालिकेचा नायक. लाँग हा चिनी युद्धकलेतला वाघ, गाडो हा एका डोळ्याचा भाडोत्री सैनिक सिंह होतो. इथवर ठीक. पण बाकुर्यू नावाचा निंजा चक्क मोल होतो, म्हणजे चिचुंद्रीसारखा जमीन पोखरणारा प्राणी, आणि मातीत शिरून समोरच्याच्या पायाखालून वर येतो. अ‍ॅलिस ससा होते. मित्सुको ही हरवलेल्या मुलीच्या शोधात निघालेली आई रानडुक्कर होते आणि मैदानभर धडका देत सुटते. पुढच्या आवृत्त्यांत वटवाघूळ आलं, सरडा आला, बिबळ्या आला, किडासुद्धा आला. ससा होऊन सिंहाला लोळवणं हा या खेळातला सगळ्यात मोठा मान. कारण मग हरणाऱ्याला तोंड लपवायला जागा उरत नाही.

या सगळ्यांना खेळात ‘झोअँथ्रोप’ म्हणतात. ग्रीक भाषेतल्या प्राणी आणि माणूस या दोन शब्दांचा हा जोड. कथेत टायलॉन नावाची एक कंपनी असते. ती अशा माणसांना पकडून त्यांची हत्यारं बनवू पाहते. कथा यथातथाच. नाण्याच्या खेळात कथा वाचायला वेळ कुणाला असतो?

कल्पना काही जपान्यांनी शून्यातून काढलेली नव्हती, आणि कर्नाटक-महाराष्ट्रातल्या माणसाला तर ती अजिबातच परकी नाही. मंगळुरू-उडुपीकडे कृष्णाष्टमीला आणि दसऱ्याला ‘हुलिवेष’ निघतो. तुळू भाषेत त्याला ‘पिलिवेष’ म्हणतात. तरुण पोरं अंगभर पिवळ्या-काळ्या रंगाचे पट्टे रंगवून घेतात, वाघाचा मुखवटा चढवतात आणि ताशांच्या ठेक्यावर नाचत रस्ता अडवतात. त्यातला कसलेला वाघ तांदळाची जड मुडी दातांनी उचलून पाठीमागे भिरकावतो. बघणाऱ्यांना आत कोण आहे ते ठाऊक असतं. तरी लहान पोरं आईच्या पदरामागे दडतातच. मैलारलिंगाचे भक्त देवाचे कुत्रे म्हणून भुंकतात. तोच मैलार म्हणजे आपला खंडोबा, आणि जेजुरीचा वाघ्या तर नावातच वाघ घेऊन फिरतो. कोकणातल्या दशावतारात खांब फोडून येणाऱ्या नरसिंहाच्या प्रवेशाला आजही जत्रेत अंगावर काटा येतो. ना धड माणूस, ना धड सिंह, ना घरात, ना दारात. जपानी खेळाच्या कारागिरांनी दशावतार पाहिला असता, तर त्यांना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं असतं.

पडद्यावरही हा मार्ग आधी मळलेला होता. सेगा कंपनीने १९८८ मध्ये ‘ऑल्टर्ड बीस्ट’ काढला. त्यात थडग्यातून उठलेला वीर शक्तीचे गोळे गोळा करत आधी फुगतो आणि मग लांडगा, ड्रॅगन, अस्वल, वाघ होतो. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये ब्लांका हा हिरवा अर्धपशू होता, आणि त्याच खेळात धालसिम नावाचा भारतीय योगी हत्तींच्या रांगेपुढे हातपाय लांबवून मारामारी करायचा. १९९४ मध्ये ‘डार्कस्टॉकर्स’ आला. तिथे सगळीच भुतंखेतं. ‘ब्लडी रोर’ने यात घातलेली भर एवढीच, की रूप कधी बदलायचं हे खेळाडूच्या हातात दिलं. एवढीच, पण सगळा खेळ तिच्यावर उभा राहिला.

खेळ बनवणाऱ्यांची हकिगतही सांगण्याजोगी आहे. प्रकाशक हडसन सॉफ्ट. होक्काइडो बेटावरच्या साप्पोरोत १९७३ साली युजी आणि हिरोशी कुडो या भावांनी ही कंपनी काढली. दोघांना वाफेच्या इंजिनांचं वेड. चाकांची ४-६-४ अशी मांडणी असलेल्या इंजिनांना ‘हडसन’ म्हणतात. त्यावरून कंपनीचं नाव पडलं. सुरुवातीला त्यांच्या दुकानात रेडिओ-दळणवळणाचं सामान विकलं जाई. पुढे ‘बाँबरमॅन’ने त्यांना जगभर नेलं. याच कंपनीतला ताकाहाशी मेइजिन हा कर्मचारी सेकंदाला सोळा वेळा बटण दाबतो म्हणून जपानी पोरांमध्ये सिनेनटासारखा गाजला. प्रत्यक्ष ‘ब्लडी रोर’ घडवला तो एटिंग या तुलनेने लहान कंपनीने. तिचा आर्केड विभाग रायझिंग या नावाने विमानांच्या गोळीबाराच्या खेळांसाठी प्रसिद्ध होता. गोळ्यांचा पाऊस पाडणारी ही मंडळी अचानक हातघाईवर आली. पडद्यावर सतत काहीतरी घडत राहिलं पाहिजे, ही त्यांची जुनी खोड मात्र सुटली नाही. म्हणूनच या खेळात भिंती फुटतात, माणसं भिंतीवर आपटून परत येतात आणि उसंत अशी कुणालाच मिळत नाही.

उसंत न मिळण्याला एक व्यापारी कारणही होतं. नाण्यावरच्या यंत्राला मारामारीचा खेळ वरदान ठरतो. दोघे खेळतात, दोन-तीन मिनिटांत एक हरतो. जिंकलेला फुकट पुढे खेळतो, हरलेल्याला पुन्हा नाणं टाकायचं असेल तर त्याने टाकावं, नाहीतर मागे उभ्या असलेल्याने. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये याचं सूत्र दोन शब्दांत मावायचं: हरला, उठला. मुंबई-पुण्यापासून बेळगाव-हुबळीपर्यंतच्या पार्लरमध्ये ज्यांनी टोकनं खर्चली, त्यांना खेळांची खरी नावं क्वचितच ठाऊक असत. कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’ हा खेळ अख्ख्या देशात त्यातल्या एका पात्रावरून ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेला. ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ चं तर नुसतं सालच नाव झालं. अशा ठिकाणी ‘ब्लडी रोर’ कुठे दिसला, तर तो लांडगेवाला किंवा जनावरवाला असणार, हे ओघानेच आलं.

बंगळुरूत मात्र पार्लरची गोष्ट थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. शहरात ऐंशीच्या दशकात व्हिडिओ गेमची दुकानं वाढली, तशी पोलिसांची नजर वळली. १९८९ मध्ये बंगळुरू शहरासाठी सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाने देण्याचा आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा आदेश निघाला, आणि व्हिडिओ गेमची पार्लरं त्याच्या कक्षेत आली. चालकांचं म्हणणं असं, की हा आमचा धंदा आहे, घटनेने धंद्याचं स्वातंत्र्य दिलंय, आणि पडद्यावरचा खेळ म्हणजे काही जुगाराचा अड्डा नव्हे. ‘एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या नावाने हे प्रकरण दिल्लीत पोचलं आणि १९९५ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने व्हिडिओ गेम हाही कायद्याच्या अर्थाने ‘खेळ’च आहे असं धरलं, परवान्याची अट योग्य ठरवली आणि धंद्याच्या स्वातंत्र्यावर वाजवी बंधनं घालता येतात हे बजावलं. यंत्र विजेवर चालतं, त्याच्या आत काय केलंय हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे जिंकण्याची शक्यता चालकाला हवी तशी वळवता येते, ही भीती या साऱ्यामागे होती.

ती भीती पोकळ होती असं नाही. पैसे किंवा टोकनं परत देणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत तर मुळीच नव्हती. पण लांडगा-वाघाच्या मारामारीत जिंकून मिळायचं काय, तर आणखी दोन मिनिटं खेळायला. कौशल्य किती आणि नशीब किती, हा प्रश्न कर्नाटकात त्यानंतरही सुटला नाही. २०२१ मध्ये राज्याने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यातल्या महत्त्वाच्या तरतुदी रद्द केल्या. यंत्र गेलं, फोन आला, वाद तोच.

गंमत अशी, की ज्या शहरात व्हिडिओ गेमकडे पोलीस खात्याच्या चष्म्यातून पाहिलं जात होतं, त्याच शहरात १९९७ मध्ये, म्हणजे ‘ब्लडी रोर’च्या जन्मवर्षीच, राजेश राव यांनी ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही खेळ बनवणारी कंपनी सुरू केली. भारतातल्या या क्षेत्रातल्या पहिल्या कंपन्यांत तिचं नाव घेतलं जातं. परदेशी कंपन्यांच्या मोठमोठ्या खेळांसाठी गाड्या, इमारती, माणसं घडवून देण्याचं काम तिने वर्षानुवर्षं केलं आणि २०१९ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’वाल्या रॉकस्टारने ती विकत घेतली.

‘ब्लडी रोर’ भारतीय घरांत पोचला तो मात्र वेगळ्याच वाटेने. त्यासाठी थोडं यंत्राच्या पोटात शिरायला हवं. सोनीचा प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानात आला. त्याच घटकांवर बेतलेला एक पाट, म्हणजे सर्किट बोर्ड, सोनीने आर्केड यंत्रांसाठीही तयार केला. ‘ब्लडी रोर’ त्या पाटावर चालायचा. परिणाम असा, की दुकानातल्या यंत्रावरचा खेळ घरच्या प्लेस्टेशनवर आणताना फारशी काटछाट करावी लागली नाही. आर्केडमध्ये येऊन वर्षही झालं नव्हतं, तोवर हा खेळ सीडीवर आला. आधीच्या पिढीत असं होत नसे. दुकानातला हत्ती घरी येईपर्यंत त्याचा उंदीर व्हायचा.

सीडी म्हटल्यावर नक्कल आलीच. सोनीने त्यावर एक हुशार उपाय योजला होता. खऱ्या प्लेस्टेशनच्या सीडीवर अगदी आतल्या कडेला खाचेची रेघ जाणूनबुजून किंचित थरथरती ठेवलेली असे आणि त्या थरथरीत चार अक्षरांचा संकेत दडवलेला असे. जपान, अमेरिका आणि युरोपसाठी शेवटचं अक्षर वेगळं. घरच्या सीडी रायटरला माहिती उतरवता येते, थरथर नाही. त्यामुळे नक्कल केलेली सीडी यंत्र नाकारायचं. मग बाजारात चिप आली. नखाएवढी ही चिप प्लेस्टेशनच्या पाटावर चार-सहा तारांनी डाखायची; ती स्वतःच ती चार अक्षरं यंत्राच्या कानात सांगत राहते. ‘चिप मारलेला प्लेस्टेशन’ हा शब्दप्रयोग त्या काळच्या पोरांना पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येइतका पाठ होता.

अधिकृत दुकानांच्या कितीतरी आधी अशी यंत्रं परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांतून आणि आयात मालाच्या बाजारांतून आली. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत पालिका बाजार, बंगळुरूत मॅजेस्टिकजवळच्या गांधीनगरातलं नॅशनल मार्केट आणि सुट्या भागांसाठी एस. पी. रोड. प्लास्टिकच्या पाकिटातली सीडी, वर रंगीत झेरॉक्सचं मुखपृष्ठ, नावाचं स्पेलिंग दुकानदाराच्या मर्जीवर. ज्यांना यंत्र परवडत नसे, त्यांच्यासाठी गल्लीत तासावर प्लेस्टेशन खेळायला देणारी दुकानं निघाली. इथे ‘हरला, उठला’चं गणित बदललं. पैसे वेळेचे, हरलात तरी तुमची मिनिटं तुमचीच. म्हणून मग सिंह, वाघ, ससा असा एकेक प्राणी निवांत घोकून शिकता येऊ लागला, आणि ज्या मित्सुकोकडे नाण्याच्या यंत्रावर कुणी ढुंकून पाहिलं नसतं, तिचेही भक्त तयार झाले.

चोरीच होती ती, यात शंका नको. हडसनला किंवा एटिंगला या पाकिटांतून एक येनही मिळाला नाही. पण तेवढंच म्हणून थांबलं, तर हा खेळ इथे का रुजला ते कळत नाही.

तिसरं रूप संगणकाचं. जानेवारी १९९९ मध्ये कनेक्टिक्स या अमेरिकी कंपनीने मॅकिंटॉशवर प्लेस्टेशनचे खेळ चालवणारा कार्यक्रम विकायला काढला. सोनी कोर्टात गेली. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला: यंत्र कसं चालतं हे समजून घेण्यासाठी मधल्या टप्प्यावर केलेली नक्कल ही वाजवी आहे. त्याच वर्षी विंडोजवर चालणारा ‘ईपीएसएक्सई’ मोफत मिळू लागला. अशा कार्यक्रमाला एम्युलेटर म्हणतात. आपल्याकडचा बहुरूपी डोळ्यांपुढे आणला, की तो कळतो. बहुरूपी फौजदाराचा वेष घेऊन दारात येतो, दरडावतो, दंडाची पावती फाडायचा आव आणतो. त्याला पोलीस भरती व्हावं लागत नाही. फौजदार काय बोलेल आणि कसा बोलेल, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं. एम्युलेटरही खेळाला असंच भासवतो, की तू प्लेस्टेशनमध्येच आहेस. खेळ बिचारा विश्वास ठेवतो आणि सुरू होतो.

सायबर कॅफे, कॉलेजच्या वसतिगृहांतले संगणक, दिवाळीच्या सुट्टीत चुलत भावाने सीडीवर उतरवून आणलेली फाइल, असा हा प्रवास झाला. त्यात दुसरी आवृत्ती सर्वांत लाडकी ठरली. एकाच कळफलकाच्या दोन टोकांना दोघे चिकटून बसायचे. एकाच वेळी फार कळा दाबल्या गेल्या की कळफलक मुकाट्याने काही दाबच गिळून टाकायचा, आणि ‘माझं बटण चाललंच नाही’ या सबबीवर मित्रांची भांडणं व्हायची. सबब बहुतेक वेळा खरी असायची. स्वस्त कळफलकांची रचनाच तशी, की ठरावीक तीन-चार कळा एकदम दाबल्या तर त्यातली एक त्याला ओळखू येत नाही. किती वाघ या कळफलकांनी ऐन मोक्याला माणूसच ठेवले असतील!

तिकडे जपानात मालिका पुढे सरकत होती, पण तिला दम लागत चालला होता. तिसरी आवृत्ती २००० मध्ये नव्या, प्लेस्टेशन २ वर बेतलेल्या आर्केड पाटावर आली. २००२ मध्ये निन्टेन्डोच्या गेमक्यूबसाठी ‘प्रायमल फ्युरी’ निघाली आणि पुढच्या वर्षी तीच एक्सबॉक्सवर ‘एक्स्ट्रीम’ झाली. मराठी वाचकाला हिची खास दखल घ्यावी लागेल, कारण तिच्यात दोन नवी पात्रं होती. एक क्रोनोस: तो होतो पेंग्विन, आणि खास चालीच्या वेळी त्याचा अग्निपक्षी होतो. दुसरा हत्ती होतो. त्याचं नाव गणेश.

हे नाव जपान्यांनी नुसतं नकाशावरून उचललं असं समजायचं कारण नाही. बौद्ध धर्माच्या वाटेने गणपती शेकडो वर्षांपूर्वी जपानात पोचला. तिथे त्याला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात. तोक्योत आसाकुसा भागात त्याचं मात्सुचियामा शोदेन हे प्रसिद्ध देऊळ आहे आणि तिथे भक्त त्याला मुळा वाहतात. मोदकांवर वाढलेल्या माणसाला मुळा जरा जड जातो, पण शाकंभरीच्या नवरात्रात भाज्यांचा नैवेद्य मांडणाऱ्या घरांना तो पटेल. खेळातला गणेश मात्र देव नाही. बाकीच्यांसारखाच अंगात येणारा एक लढवय्या. सोंडेने झोडतो आणि वजनाने दाबतो.

चौथी आवृत्ती २००३ मध्ये प्लेस्टेशन २ वर आली. तिच्यात कावळा होणारा रेइजी आणि आणखी काही नवी पात्रं होती. पण तिच्यातला ताकदीच्या पट्ट्यांचा नवा हिशेब जुन्या खेळाडूंना रुचला नाही. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. या खेळाचा कणा म्हणजे ‘आत्ता की थांबू?’ हा प्रश्न, आणि नव्या रचनेत तोच बोथट झाला. शिवाय तोवर आर्केडचेच दिवस भरत आले होते. हडसन हळूहळू कोनामीच्या छत्राखाली गेली आणि १ मार्च २०१२ रोजी कोनामीत विलीन होऊन नाहीशी झाली. एटिंगने पुढे कॅपकॉमसोबत ‘मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम ३’ सारखा गाजलेला खेळ केला. लांडगा-सिंहांची टोळी कोनामीच्या कपाटात गेली. कोनामीने त्यानंतर त्यांची नवी आवृत्ती काढलेली नाही.

कपाटाला कुलूप असलं तरी फटी बऱ्याच आहेत. प्लेस्टेशनच्या प्रोसेसरचा वेग जेमतेम ३३ मेगाहर्ट्झ होता आणि मुख्य स्मृती २ मेगाबाइट. आज कुठलाही साधा अँड्रॉइड फोन त्याची नक्कल झोपेतही करू शकतो. त्यामुळे हा खेळ चौथं रूप घेऊन फोनमध्ये शिरला आहे. बनशंकरीहून मॅजेस्टिककडे जाणाऱ्या हिरव्या मार्गावर कॉलेजची पोरं मान खाली घालून फोन आडवा धरून बसतात. त्यातल्या एखाद्याच्या पडद्यावर पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वीचा, कडा खडबडीत दिसणारा युगो अजूनही लांडगा होत असेल, तर नवल नाही. फक्त काचेवर काढलेल्या बटणाला उंचवटा नसतो. ऐन वेळी अंगठा घसरतो, लाट फुटत नाही, आणि पलीकडचा ससा दोन उड्यांत अंगावर येतो.